नवऱ्याने रंगवलेला एसी

त्या उन्हाळ्यात माझ्या अंगाला काय होतंय हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याला माहीत होतं, पालघरच्या डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, सांगलीला असलेल्या थोरल्या बहिणीला नुसत्या फोनवरून कळलं होतं, आणि एसी बघायला आलेल्या माणसाच्याही ते दोन मिनिटांत लक्षात आलं होतं. वय. पन्नाशी जवळ आली, पाळी पुढेमागे व्हायला लागली की बायकांना अशी गरमी होतेच, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. इतकं एकमत मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की एसी दुपारचा गार करत नाही.

बोईसरला येऊन आम्हाला चोवीस वर्षं झाली. नवरा इथल्या एका रसायनांच्या कारखान्यात चिलिंग प्लँट सांभाळतो. तिथे ज्या भांड्यांत रसायनं तयार होतात ती तापून चालत नाहीत, म्हणून त्यांच्याभोवती शून्याच्याही खाली गार केलेलं मिठाचं पाणी सतत फिरवावं लागतं. ते त्याचं काम. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, पण लिहिताना 'तो' म्हणणार आहे, एवढी मोकळीक मी घेतली आहे. तर सगळ्या कारखान्याला गारवा पुरवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी एसी गार करत नाही, हे बायकोने सांगावं आणि त्याने मान्य करावं, हे कठीणच होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी ब्लाउज शिवते. बावीस वर्षं शिवते आहे. आमची जागा तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. बेडरूमच्या खिडकीशी माझं मशीन, शेजारी कापायचं टेबल, त्यावर इस्त्री. खोलीची भिंत पश्चिमेची, त्यामुळे मार्च लागला की तिथे बसवत नाही. एसी घेतला तो माझ्या कामासाठीच घेतला. सकाळचा स्वयंपाक, ह्याचा डबा, धुणंभांडी आवरून मी अकराच्या सुमाराला मशीनवर बसते ती पाचपर्यंत. म्हणजे माझं सगळं काम नेमकं त्या वेळातलं, ज्या वेळात एसी मान टाकायचा.

सकाळी तो चांगला चालायचा. साडेबारा-एकच्या दरम्यान वरून, गच्चीवरच्या युनिटमधून, ठक असा आवाज यायचा आणि तिथली घरघर थांबायची. खोलीतलं युनिट मात्र वारा टाकतच राहायचं. पहिली पाच मिनिटं वारा बरा वाटे, मग तो दमट होई, मग नुसताच पंख्यासारखा. वीस-पंचवीस मिनिटांनी वरची घरघर पुन्हा सुरू. जरा गार वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा ठक. चारनंतर चिंचणीकडून समुद्राचा वारा सुटला की हळूहळू त्याची तब्येत सुधारायची, आणि सहाला नवरा घरात पाऊल टाकायचा तेव्हा खोली अशी गार की त्याने विचारावं, "कुठं काय झालंय याला?"

आता कुणी म्हणेल, सुट्टीच्या दिवशी दुपारी दाखवायचं. आमच्याकडे सुट्टी रविवारची नसते. इथल्या कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी. आणि कारखाने बंद असतात म्हणून विजेच्या तारांची, खांबांची सगळी दुरुस्ती शुक्रवारीच काढतात. त्यामुळे नवरा ज्या दिवशी दुपारी घरात असायचा त्या दिवशी दुपारी बहुतेक वेळा लाईटच नसायची. तो खाली जमिनीवर ओली चादर टाकून झोपायचा आणि म्हणायचा, "आज खरंच गरम आहे हं." बाकीच्या सहा दिवसांचं गरम बहुधा खोटं होतं.

तरी त्याने एका शुक्रवारी सकाळी, लाईट जायच्या आधी, सगळं रीतसर तपासलं. आधी रिमोट हातात घेतला आणि चिन्ह पंख्याचं आहे की बर्फाचं ते पाहिलं. जणू मी चार वर्षं पंखा लावून एसी समजत होते. मग आतल्या जाळ्या काढून नळाखाली धरल्या. त्या स्वच्छच होत्या, कारण कापडाचा भुगा बसतो म्हणून मी त्या दर पंधरा दिवसांनी धुते. मग पडदा, दाराखालची फट, स्टॅबिलायझर. शेवटी त्याची नजर इस्त्रीवर गेली.

"ही चालू ठेवून बसतेस ना तू?"

"बावीस वर्षं बसते," मी म्हटलं.

"मग झालं तर. एकीकडून गरम करायचं आणि एकीकडून गार करायचं. लोड नाही का वाढणार?"

मी आठवडाभर इस्त्री स्वयंपाकघरात नेली. प्रत्येक शिवण दाबायला उठून जायचं, यायचं. वरचा ठक ठरलेल्या वेळी येतच राहिला.

मग त्याच्या ओळखीचा एसीवाला आला. तोही सकाळी दहाला, कारण त्याचं पहिलं काम आमच्याच गल्लीत असायचं. मी म्हटलं, दुपारी या. तर म्हणाला, "दुपहर को टाइम नहीं मिलता भाभीजी, सीझन है." दहा वाजता एसी बर्फासारखी हवा टाकत होता. तो गच्चीवर गेला, मीटर लावलं, खाली येऊन म्हणाला की गॅसचं प्रेशर थोडं जास्त आहे, जरा सोडून देतो. थोडा गॅस सोडला. जाताना नवऱ्याला फोन लावून माझ्यासमोरच बोलला, "सर, मशीन एकदम ओके है. ऊपर कलर बहुत मस्त किया है आपने. भाभीजी को थोड़ा गरमी का प्रॉब्लेम होगा, मेरे घर में भी वही चल रहा है." नवरा पलीकडून हसलेला मला ऐकू आला. त्या दिवसापासून एसी आणखी बिघडला, पण आता तो ओके असल्याचं सिद्ध झालेलं होतं.

त्या कलरबद्दल सांगायला हवं. इथल्या हवेत काहीतरी आहे जे धातू खातं. माझ्या पाकिटातले ब्लाउजचे हूक दोन महिन्यांत काळे पडतात, सुयांना गंज चढतो, पैंजण कितीही घासले तरी आठवड्यात काळे. वाऱ्याची दिशा फिरली की वास येतो आणि आम्ही खिडक्या लावून घेतो, त्याबद्दल आता कुणी बोलतही नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटमधल्या तांब्याच्या नळ्या ही हवा दोन-तीन वर्षांत कुरतडते आणि गॅस निघून जातो. आमचा आधीचा एसी असाच गेला. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्याने कारखान्यात टाक्यांना लावतात तसला इपॉक्सी रंग आणला आणि नव्या युनिटला लावला. नुसत्या पेटीला नाही. मागच्या बाजूला ती पत्र्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते, तिच्यातून हवा आत ओढली जाते, तिलाही. ब्रशने, तीन हात. तीन दिवस तो गच्चीवर बसून होता. खाली आला तेव्हा केसांत राखाडी रंग होता आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी त्याला बेसनाचे दोन लाडू जास्त दिले. "आता दहा वर्षं बघायला नको," तो म्हणाला. दिवाळीनंतर थंडी, एसी बंद. मार्चपर्यंत आम्ही कुणी तो लावलाच नाही.

हे दुवे मी तेव्हाच जोडायला हवे होते. जोडले नाहीत. नवरा यंत्राच्या बाबतीत चुकतो असं चोवीस वर्षांत मनात आलं नव्हतं, आणि माझं अंग चुकतंय असं तर सगळे सांगतच होते.

शेवटी एका शुक्रवारी तो मला पालघरला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाई न करता बोलल्या. गरमी कधी होते, किती वेळ, रात्री घाम येतो का. मी म्हटलं, येते, छातीतून वर कानापर्यंत एक लाट येते, पाच मिनिटांत जाते आणि मग थंडी वाजते. पण ते वेगळं आणि दुपारचं वेगळं. दुपारचं जात नाही, बसून राहतं. त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला घरात गरम होतं का?"

"छे," तो म्हणाला. "मला तर रात्री पांघरूण लागतं."

ते खरंच होतं. तो खोटं बोलला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, चहा कमी करा म्हणाल्या, मन रमवा म्हणाल्या. परत येताना त्याने मला स्टेशनबाहेर उसाचा रस पाजला. त्याला माझी काळजी वाटत होती, हे मी नाकारत नाही. काळजी वाटत होती, फक्त विश्वास वाटत नव्हता.

आणि हळूहळू मलाही वाटेनासा झाला. दुपारी मशीनवर बसले की मी दर थोड्या वेळाने स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायची. ही माझी गरमी आहे की खोलीची? लाट आणि नुसता उकाडा यांतला फरक मला महिन्यापूर्वी सहज कळायचा, तो आता कळेना. सगळे एकच सांगायला लागले की माणूस स्वतःच्या कातडीचीही साक्ष मानत नाही. मला राग यायचा, पण रागाहून जास्त भीती वाटायची. अंगाचं काही कळत नाही, तर हाताचं तरी कसं कळणार? माझं सगळं काम हाताचं.

ते हातचं कामही गेलंच. लग्नाचे दिवस होते. एका नवरीच्या पैठणीचा ब्लाउज गळ्यापर्यंत आला होता आणि माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब त्यावर पडला. रेशमावरचा घामाचा डाग निघत नाही. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नवरीच्या आईला बोलावून दाखवलं तेव्हा ती कापड घडी करून घेऊन गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आता बस कर ना हे. कुणासाठी करतेस एवढं? अंगाला झेपत नाही तर नाही. मशीन धाकट्या पुतणीला देऊन टाकू, तिला हौस आहे." हे त्याने मायेनेच म्हटलं. म्हणूनच जास्त लागलं. त्या आठवड्यात आलेले दोन लग्नांचे ब्लाउज मी परत पाठवले. प्रश्न एसीचा राहिलाच नव्हता. माझ्या अंगाला जे कळतं ते खरं धरायचं की नाही, एवढाच होता; आणि खरं धरायचं नसेल तर मशीनवर कापड टाकून ते पुतणीकडे पाठवायचं होतं.

मशीनवर कापड टाकायच्या आधी मी एक गोष्ट केली. नवरा माणसाचं ऐकत नाही, पण आकड्याचं ऐकतो. त्याच्या प्लँटवर दर तासाला आकडे लिहायचा तक्ता असतो, तसला एक कोरा कागद त्याच्या बॅगेत होताच. मी बाजारातून भिंतीवर टांगायचं साधं तापमापक आणलं आणि चार दिवस त्या कागदावर लिहिलं. अकरा वाजता सव्वीस. बारा वाजता सत्तावीस. एक वाजता तीस. दोन वाजता तेहतीस. तीन वाजता तेहतीस. सहा वाजता सत्तावीस. ठक कधी झाला, पुन्हा सुरू कधी झाला, तेही लिहिलं. त्याने कागद चष्मा लावून वाचला, आणि मी दहावीच्या निकालाला उभी होते तशी समोर उभी राहिले.

"हे मीटर कुठून आणलंस?"

"बाजारातून."

"याला कॅलिब्रेशन कुठंय? असलं मीटर दोन-चार डिग्री कसंही दाखवतं." आणि कागद घडी घालून टीव्हीखाली ठेवला.

माझं चुकलं होतं. आकड्यांनासुद्धा चांगल्या घरचं असावं लागतं. त्या संध्याकाळी मी खरंच मशीनवर कापड टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसी सवयीने लावला होता, पण काम नव्हतं, म्हणून मी उशा उन्हात टाकायला गच्चीवर गेले. तिथे शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई होत्या. त्या चिंचणीच्या, माहेर-सासर दोन्ही मासेमारीचं. मुलाला इथे नोकरी लागली म्हणून बोईसरला राहायला आल्या, पण उन्हाळ्यात गच्चीवर जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, सुकवायचं काही सोडलं नाही. सोसायटीत त्यावरून तीनदा बोलणं झालं होतं आणि तिन्ही वेळा त्यांनी सगळ्यांच्या घरी वाटी वाटी सुकट पाठवून विषय मिटवला होता. त्यांचं आणि आमचं बाहेरचं युनिट गच्चीवर शेजारी शेजारी आहे. त्या त्यांच्या युनिटसमोर बसून ताटातला जवळा हलवत होत्या.

"बरं झालं तुमी आल्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनला काय झालंय?"

"का हो?"

"माज्या मशीनचा वारा कसा गरम येतो, त्याच्यासमोर ताट ठेवलं का जवला दोन तासांत कडक. म्हटलं तुमचं पन चालू हाय तर दुसरं ताट तिकडं ठेवू. कालपासून ठेवलंय, तसाच ओला हाय. वाराच नाय त्याला. आधी वाटलं बंद हाय, पन आवाज तर करतंय."

त्यांनी दोन्ही ताटं माझ्यापुढे धरली. एका ताटातला जवळा खुळखुळत होता. दुसऱ्यातला ताटाला चिकटला होता आणि वासही मारायला लागला होता. मी इतक्या आदराने कुणाच्या सुकटीकडे कधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्या युनिटसमोर हात धरला. गरम वाऱ्याने बाही उडाली. मग आमच्या युनिटसमोर धरला. झोपलेल्या माणसाने श्वास सोडावा इतकाच वारा. पेटीच्या पत्र्याला मात्र बोट लावलं तर चटका बसला. मी तिथे असतानाच आतून ठक झालं आणि घरघर थांबली. खोलीत बसून महिनाभर ऐकलेला तो आवाज मी पहिल्यांदा समोर उभी राहून ऐकला.

मी वळसा घालून मागे गेले. त्यांच्या युनिटची जाळी धुळकट होती, दोन ठिकाणी वाकलेली, पण पट्ट्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. आमची जाळी राखाडी, चकचकीत, गुळगुळीत. उजेड कुठेच नाही. माझ्या कुर्त्याच्या खांद्याला कायम एक सुई टोचलेली असते, सगळ्या शिवणाऱ्या बायकांच्या असते. ती काढली. त्यांच्या जाळीत सुई नेढ्यापर्यंत गेली. आमच्या जाळीत टोकही जाईना. वर, खाली, मध्ये, कडेला, मी वीसेक ठिकाणी टोचून पाहिलं. तीन हातांच्या रंगाने पट्ट्यांमधल्या फटी लिंपून टाकल्या होत्या. हवा आत ओढायची तीच वाट बंद. सकाळी ऊन कमी तेव्हा कसंबसं भागायचं, दुपारी जीव गुदमरून मशीन स्वतःच बंद पडायचं.

मी तापलेल्या गच्चीवर मटकन बसले. बाई घाबरल्या, पाणी आणू का म्हणाल्या. मला काही झालं नव्हतं. मला काहीच झालेलं नव्हतं, हेच तर मला नुकतं कळलं होतं.

"तुमच्या मालकांनीच रंगवला ना तो?" त्या म्हणाल्या. "लय मन लावून रंगवत होते. माजा पोरगा पन सांगत होता, आपन पन रंगवून घेऊ. मी म्हटलं नको, सुकटीला रंगाचा वास लागेल."

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला चहा दिला नाही, काही सांगितलंही नाही. फक्त म्हटलं, "जरा वर चला." ऊन अजून होतं. दोन्ही युनिटच्या मागे त्याला उभं केलं आणि सुई हातात दिली.

"काय करू?"

"आधी त्यांच्यात घाला. मग आपल्यात."

त्याने घातली. मग आमच्या जाळीशी बराच वेळ वाकून राहिला. सुई वाकली तेव्हा नखाने रंग खरवडून पाहिला. तो रंग टाक्यांवरून आम्लाने निघत नाही, नखाने काय निघणार. मी ठरवलं होतं की आता सगळं बोलायचं, उसाच्या रसापासून कॅलिब्रेशनपर्यंत. पण तो उठला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला बोलवेना. गंजातून वाचवायला गेला आणि श्वासच कोंडला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे त्याला सांगायची गरज नव्हती. तो म्हणाला, "पहिल्या मजल्यावरचाही मीच रंगवलाय."

हे मी विसरूनच गेले होते. पहिल्या मजल्यावर जळगावकडचं कुटुंब आहे. मुलगा वीज प्रकल्पात कामाला, सून शाळेत शिकवते, दिवसभर घरात एकट्या आजी. त्यांच्या मुलाने आमचं युनिट पाहून हौसेने आपलंही रंगवून घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात दोन्ही युनिटच्या जाळ्या बदलल्या. आता खोली दुपारी दोनलाही गार असते. मधूनच ती छातीतली लाट येते, गार खोलीत घाम फुटतो, मी मशीन थांबवून पाच मिनिटं बसते, लाट जाते. डॉक्टरीणबाईंचंही बरोबरच होतं. अंगातली गरमी खरी होती आणि खोलीतलीही खरी होती. एकीमुळे दुसरी खोटी ठरत नव्हती, एवढंच मी सांगत होते. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी गच्चीवरून आम्ही घरी न थांबता थेट पहिल्या मजल्यावर गेलो. दार सुनेने उघडलं. मुलगा बाहेरच्या खोलीत होता. आजी आतल्या खाटेवर बसल्या होत्या, गळ्याभोवती ओला टॉवेल, केस कपाळाला चिकटलेले. एसी चालू होता आणि सहा वाजता जेवढा गार करतो तेवढा करत होता.

"आईला हल्ली काहीच सोसत नाही," मुलगा म्हणाला. "दिवसभर गरम होतं, गरम होतं. आम्ही आलो की एसी तर मस्त चालू असतो. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवलीय. वय झालं आता, काय करणार."

आजींनी मान खाली घातली. टॉवेलचं टोक पिळत राहिल्या. ती मान खाली घालून गप्प बसण्याची पद्धत मला चांगली ओळखीची होती. मी महिनाभर तशीच बसत होते.

नवरा आत गेला. खाटेसमोर खाली जमिनीवर बसला. मुलगा, सून, मी, सगळे दारात उभे. तो म्हणाला, "आजी, तुमचं काही चुकत नव्हतं. खोली खरंच गरम होत होती. मशीन गार करत नव्हतं. चूक माझ्या हातची आहे."

आजींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. टॉवेल गळ्यातून काढला, नीट घडी घालून बाजूला ठेवला आणि सुनेला म्हणाल्या, "यांना चहा टाक."

चहा घेऊन आम्ही जिना चढायला लागलो. तो पुढे, मी मागे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये मी थांबले.

"आजींना म्हणालात ते मला अजून कुणी म्हणालेलं नाही," मी म्हटलं.

तो वळला. "तुला काय वेगळं सांगायचं? तू तर घरचीच."

"घरचीच होते म्हणून तर महिनाभर कुणी ऐकलं नाही. डॉक्टरांकडे नेलंत. मशीन पुतणीला देणार होतात."

तो कठड्याला धरून उभा राहिला. खालून कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला, तो बंद होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "तुझं काही चुकत नव्हतं. मी ऐकायला हवं होतं." हळूच म्हणाला, दुसऱ्या मजल्यावर ऐकू जाऊ नये इतपत. आजींना ते सगळ्यांसमोर मिळालं, मला जिन्यात. तरी मी ते घेतलं. वर जाऊन मशीनवरचं कापड काढलं आणि परत पाठवलेल्या ब्लाउजसाठी त्या दोघींना फोन लावला. एकीने दुसरीकडे शिवायला टाकला होता. दुसरी म्हणाली, उद्या घेऊन येते.